नामपल्लीत छतावर सोलर : २ किलोवॅट घ्यायचा की ३?

सोलर बसवणारा पहिल्याच फोनवर विचारतो, महिन्याचं बिल किती येतं? तुम्ही दोन-अडीच हजार म्हणता आणि संध्याकाळपर्यंत ३ किलोवॅटचं कोटेशन मोबाइलवर येतं. गच्ची मोठी असेल तर ५ किलोवॅटचं. लगेच होकार देऊ नका. सिस्टीम केवढी घ्यायची हे बिलाच्या रुपयांवरून नाही, वर्षभराच्या युनिटवरून ठरतं. आणि तेलंगणाचं घरगुती दरपत्रक असं आहे की पहिले २ किलोवॅट भरपूर पैसे वाचवतात, तिसरा हळूहळू वाचवतो, चौथा-पाचवा बहुतेक घरांना लागतच नाही. हैदराबादच्या नामपल्ली, रेड हिल्स, आगापुरा, चिराग अली लेन या भागातलं तुमचं घर असेल तर पुढचा हिशेब स्वतः करून पाहा. अर्धा तास लागतो आणि लाखभर रुपये चुकीच्या जागी अडकत नाहीत.

आधी पाहा, तुम्हाला सोलर हवं का?

गृहज्योती योजनेत तुमचं बिल शून्य येत असेल तर सोलर घेऊ नका. अन्नसुरक्षा कार्ड आणि आधार जोडलेल्या घरांना मार्च २०२४ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे. फुकट मिळणाऱ्या विजेवर ७० हजार रुपये घालायचं कारण नाही. उन्हाळ्यात एक-दोन महिने २०० ओलांडत असाल, तर पंख्यांची आणि फ्रिजची दुरुस्ती स्वस्त पडेल.

महिन्याला सरासरी १५० युनिटच्या आत असाल तरी घाई करू नका. तुमची वीज आधीच खालच्या दरात येते, त्यामुळे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. एसी किंवा विजेची स्कूटर येणार असेल तरच विचार करा.

भाड्याने राहत असाल तर विषय संपला. घर स्वतःचं हवं, छत वापरायचा हक्क हवा आणि आधी कधी सोलरची सबसिडी घेतलेली नसावी.

फ्लॅट असेल तर गच्ची सगळ्यांची आहे. बिल्डरने तोंडी "वरची गच्ची तुमची" म्हटलेलं चालत नाही. खरेदीखतात तसं लिहिलेलं हवं, नाहीतर असोसिएशनचं लेखी ना-हरकत पत्र हवं. त्यात गच्चीचा नेमका कोणता भाग आणि किती चौरस फूट हे लिहून घ्या. पुढे कमिटी बदलली की याच कागदावर वाद होतो. असोसिएशनला लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोलर हवं असेल तर त्याला वेगळी सबसिडी आहे, किलोवॅटमागे १८ हजार.

जुन्या घरांची अडचण निराळी. कित्येक मराठी घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं, वर्षानुवर्षं बिल भरलं जातं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. सोलरचा अर्ज मात्र मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने जातो आणि सबसिडीही त्याच नावाच्या बँक खात्यात येते. म्हणून आधी नाव बदला. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, बाकीच्या भावा-बहिणींची लेखी संमती आणि महापालिकेची घरपट्टी पावती तयार ठेवा. घराचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूतले असतील तर ते शोधत बसू नका. चालू घरपट्टीवर तुमचं नाव आहे का, ते आधी पाहा. नसेल तर सुरुवात तिथून करा. या एका कामाला सोलर बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून कोटेशन मागवण्याआधीच ते हातात घ्या.

युनिट मोजा

बिलावर यूएससी नंबर असतो. दक्षिण तेलंगणा वीज वितरण कंपनीच्या, म्हणजे टीजीएसपीडीसीएलच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर याच नंबरने मागची बिलं पाहता येतात. मागच्या बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहा. एका महिन्याचं बिल पाहून ठरवू नका. मे महिन्याचं बिल दाखवाल तर तुम्हाला मोठी सिस्टीम विकली जाईल, डिसेंबरचं दाखवाल तर छोटी.

आता उत्पादन. हैदराबादच्या उन्हात १ किलोवॅटचे पॅनल वर्षाला साधारण १४०० युनिट देतात. मोठ्या सावलीशिवाय, दक्षिणेकडे तोंड आणि पंधरा-सतरा अंशांचा उतार असेल तेव्हाचा हा आकडा आहे. म्हणजे महिन्याला सरासरी ११५ ते १२०. मार्च-एप्रिलमध्ये १३५च्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये १००च्या खाली. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक, पण पॅनल तापले की त्यांचं उत्पादन घटतं, म्हणून मे काही एप्रिलच्या पुढे जात नाही. कोणी "१ किलोवॅटला रोज ५ युनिट, वर्षभर" असं लिहून देत असेल तर तो आकडा खोडायला लावा. ४ युनिट धरा.

वार्षिक युनिट भागिले १४०० हा झाला वरचा आकडा. यापेक्षा मोठी सिस्टीम घेऊच नका. यापेक्षा छोटी घ्यावी का, हे दरपत्रक सांगतं.

दरपत्रकातली पायरी

२०२५-२६मध्ये घरगुती दर असे आहेत. महिन्याचा वापर १०० युनिटच्या आत असेल तर पहिले ५० युनिट १ रुपया ९५ पैशांनी, पुढचे ५० युनिट ३ रुपये १० पैशांनी. वापर १०१ ते २०० असेल तर पहिले १०० युनिट ३.४० रुपयांनी, पुढचे ४.८० रुपयांनी. वापर २०० ओलांडला की पहिले २०० युनिटसुद्धा ५.१० रुपयांनी लागतात, मग ३००पर्यंत ७.७०, ४००पर्यंत ९, ८००पर्यंत ९.५० आणि त्यापुढे १० रुपये. वर युनिटमागे ६ पैसे वीज शुल्क, शिवाय स्थिर आकार आणि ग्राहक आकार.

२०० आणि २०१ यांतला फरक पाहा. २०० युनिटला वीज आकार ८२० रुपये. २०१ युनिटला १०२७ रुपये ७० पैसे. एका युनिटला २०० रुपयांहून जास्त. सोलरचा खरा फायदा हाच आहे की तो तुम्हाला या पायरीच्या खाली उतरवतो. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही ग्रिडकडून घेतलेल्या युनिटमधून ग्रिडला दिलेले युनिट वजा होतात आणि उरलेल्या निव्वळ युनिटवर बिल निघतं. वरचे महाग युनिट आधी कापले जातात. शेवटी उरतात ते दोन-तीन रुपयांचे युनिट, आणि ते वाचवायला आणखी एक किलोवॅट विकत घेणं फारसं परवडत नाही.

एका घराचा हिशेब

नमुन्याचं घर घेऊ. चार माणसं, एक एसी, फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन. वर्षाचे ३८०० युनिट. जानेवारीत २४०, मार्चमध्ये ३८०, मे महिन्यात ४६०, पावसाळ्यात २९०-३००. सोलरशिवाय वर्षाचा वीज आकार होतो साधारण २३,६०० रुपये.

२ किलोवॅट बसवले तर वर्षाला २८०० युनिट तयार होतात. उरतात हजार युनिट, पण ते सगळे खालच्या टप्प्यांत. सगळ्यात वाईट महिना मे, त्यात निव्वळ १९६ युनिट आणि ८०० रुपये. हिवाळ्यात वीज आकार पन्नास रुपयांच्या आसपास. वर्षाचा वीज आकार ३,४०० रुपयांवर येतो. बचत सुमारे २०,२०० रुपये.

३ किलोवॅट बसवले तर ४२०० युनिट तयार होतात आणि वीज आकार जवळजवळ शून्य होतो. ३,४०० रुपये आणखी वाचले. वर ४०० युनिट शिल्लक राहतात. त्या शिलकीचे पैसे मिळतात, पण तुम्ही भरता त्या ९ रुपयांच्या दराने नाही. वीज कंपनी ज्या सरासरी दराने वीज विकत घेते त्या दराने. ४ रुपये धरले तर १,६०० रुपये. म्हणजे तिसरा किलोवॅट वर्षाला ५ हजार कमावतो. पहिले दोन मिळून २० हजार.

विकणारा हा हिशेब मांडत नाही. त्याच्या कोटेशनमध्ये "वार्षिक बचत" एकच आकडा असतो आणि तो सगळ्या युनिटना सरसकट ८ किंवा ९ रुपयांनी गुणून काढलेला असतो. तसा आकडा दिसला की विचारा, कोणत्या टप्प्याचा दर धरला?

आमचं मत स्पष्ट आहे. वर्षाचा वापर ३००० ते ४००० युनिट असेल आणि घरात मोठा बदल होणार नसेल तर २ किलोवॅट घ्या. पुढच्या दोन वर्षांत दुसरा एसी, विजेची स्कूटर किंवा इंडक्शन शेगडी नक्की येणार असेल तर ३ घ्या. स्कूटर पूर्ण चार्ज करायला ३-४ युनिट लागतात, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालला तर ६ ते ८. वापर ५००० युनिटच्या पुढे असेल, एकत्र कुटुंब आणि तीन-चार एसी असतील, तरच ४-५ किलोवॅटचा विचार करा.

पुण्या-सोलापूरच्या नातेवाइकांचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यांचे दर इथल्यापेक्षा बरेच जास्त आहेत, त्यामुळे तिथे मोठी सिस्टीमही लवकर वसूल होते. शिलकीचा हिशेबही वेगळा. तिथे तो आर्थिक वर्षाच्या शेवटी होतो. तेलंगणात जून आणि डिसेंबर, असा सहा महिन्यांनी. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साठवलेले युनिट तुम्हाला पुढच्या मे महिन्याच्या एसीला वापरता येत नाहीत. मोठी सिस्टीम टाळायचं हे आणखी एक कारण.

"कपडे दुपारीच धुवा, गीझर दुपारीच लावा" असा सल्ला मिळेल. नेट मीटरिंग असेल तर त्याची गरज नाही. दिवसा दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट सारखंच मोजलं जातं.

छत काय म्हणतं?

हल्लीचा ५४० वॅटचा पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २७-२८ किलो वजनाचा असतो. २ किलोवॅटला चार पॅनल, ३ किलोवॅटला सहा. चालायची, धुवायची जागा धरून किलोवॅटमागे १०० चौरस फूट मोकळं छत हवं. २०० चौरस फूट जागेत ३ किलोवॅट बसवून देतो म्हणणारा पॅनल एकमेकांच्या सावलीत ठेवणार आहे.

नामपल्लीत जागेपेक्षा मोठा प्रश्न सावलीचा. बाजूला चार-पाच मजल्यांची इमारत, आपलीच पाण्याची टाकी, जिन्याची खोली, मोबाइल टॉवर, जाहिरातीचा फलक. पॅनल साखळीने जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी सगळ्यांना फटका बसू शकतो. २१ डिसेंबरच्या सुमारास हैदराबादला सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असतो आणि वस्तूच्या उंचीच्या पावणेदोनपट सावली पडते. ५ फुटांच्या टाकीची सावली साडेआठ-नऊ फूट. याउलट ९ मेच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो आणि दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाहणीला आलेला माणूस "काही सावली नाही" म्हणाला तर ते अर्धसत्य असतं. त्याला डिसेंबरच्या सावलीचं चित्र काढून मागा. चांगल्या कंपन्या मोबाइलवरच काढून देतात. किंवा हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी ९, १२ आणि ३ वाजता गच्चीवर जाऊन सावलीभोवती खडूने रेघा ओढा. रेघांच्या आत पॅनल नको. थोडी सावली टळणारच नसेल तर प्रत्येक पॅनलचं उत्पादन वेगळं राखणारे ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर मिळतात, पण त्यांनी खर्च बराच वाढतो. निम्म्या छतावर सावली असेल तर त्या पैशांतही काम होत नाही, सोडून द्या.

जुन्या चुन्याच्या किंवा दगडी फरशीच्या गच्चीत ड्रिल मारू देऊ नका. तिथे काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर स्ट्रक्चर उभं करतात, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वजनाइतकीच भीती वाऱ्याची असते. उंच उभारलेला पॅनल वादळी वाऱ्यात वर उचलला जातो. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. पॅनल पंचवीस वर्षांसाठी बसतात, ते काढून पुन्हा बसवायची मजुरी तुमच्यावर येते.

किती पैसे लागतात?

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅटला ७८ हजार, आणि ५ किंवा १० किलोवॅट घेतले तरी ७८ हजारच. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला एक रुपयाही नाही.

केंद्राने हिशेबासाठी धरलेली किंमत पहिल्या २ किलोवॅटला ५० हजार आणि पुढे ४५ हजार प्रति किलोवॅट आहे. बाजारात प्रत्यक्षात जास्त मोजावे लागतात. २ किलोवॅटला १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार, ३ किलोवॅटला १ लाख ७० हजार ते २ लाख. सबसिडी वजा करता २ किलोवॅट ६० ते ८० हजारांत आणि ३ किलोवॅट ९२ हजार ते १ लाख २२ हजारांत पडतो. वरच्या नमुना घरात पहिले २ किलोवॅट तीन ते चार वर्षांत वसूल होतात, तिसरा सात-आठ वर्षांत. पाच किलोवॅटचे वरचे दोन निव्वळ वीज विकण्यापुरते उरतात आणि दहा वर्षं घेतात. तोवर इन्व्हर्टर बदलायची वेळ आलेली असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि बसवणूक मिळून कंत्राट असेल तर ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८ टक्के लागतात, म्हणजे एकूण ८.९ टक्के. कोटेशनमध्ये अजून १३.८ टक्के लावलेले दिसले तर तो जुना दर आहे. दुरुस्त करून घ्या.

सबसिडीबाबत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ती फक्त भारतात बनवलेल्या सेलच्या पॅनलवर मिळते, ज्यांना बाजारात डीसीआर पॅनल म्हणतात. हे साध्या पॅनलपेक्षा महाग असतात. खूप स्वस्त कोटेशन आलं तर पॅनल डीसीआर आहेत का ते विचारा, नाहीतर सबसिडीच बुडेल. दुसरं, सबसिडी पॅनल आणि इन्व्हर्टर यांतल्या कमी क्षमतेवर मोजतात. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा पण ५४० वॅटचे पाचच पॅनल लावले, तर तुमची सिस्टीम २.७ किलोवॅटची आणि सबसिडी ७८ हजार नाही, ७२,६०० रुपये. पॅनल गच्चीवर चढवण्याआधी स्वतः मोजा.

कर्ज हवं असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत जा. या योजनेखाली ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता कर्ज मिळतं, व्याज सध्या साधारण ६ टक्क्यांच्या आसपास, अर्ज जनसमर्थ पोर्टलवर. विक्रेत्याच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीचा "झटपट हप्ता" घेण्याआधी व्याजदर लेखी मागा.

कोटेशनमध्ये न लिहिलेले खर्च

स्ट्रक्चरची उंची हा सर्वांत मोठा. साध्या कोटेशनमध्ये पॅनल छतापासून दोन-तीन फुटांवर धरलेले असतात. खाली कपडे वाळत घालायचे, पापड-कुरडया करायच्या, माणूस उभा राहायला हवा, असं तुम्ही नंतर सांगता आणि लोखंडाचे हजारो रुपये वाढतात. उंची आधी सांगा. लोखंड गॅल्व्हनाइज्ड हवं, रंग लावलेलं नको.

मग अर्थिंग. पॅनलचं, इन्व्हर्टरचं आणि वीजरोधकाचं अशी तीन वेगळी लागतात. एकातच तिन्ही जोडून पैसे वाचवणारे आहेत. करू देऊ नका. गच्चीपासून तळमजल्याच्या मीटरपर्यंतची केबल कोटेशनमध्ये ठरावीक मीटरच धरलेली असते, पुढच्या प्रत्येक मीटरला जादा. अरुंद गल्लीत दोरीने पॅनल चढवायची मजुरी, ठोकळ्यांचं काँक्रीट, पॅनल धुवायला गच्चीवर नळ, इन्व्हर्टरची वायफाय पट्टी. आणि नेट मीटर: त्याचे आणि त्याच्या तपासणीचे पैसे कोण भरणार, एक ओळ लिहून घ्या.

मंजूर भार कमी असेल तर तो वाढवावा लागतो. जुन्या घरात तो कित्येकदा १ किंवा २ किलोवॅटच असतो. २०२४च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मान्य धरायचा आणि भारवाढ वीज कंपनीनेच करायची, असं आहे. तरी वाढीव भाराचं डिपॉझिट आणि शुल्क बिलात येऊ शकतं. त्याची रक्कम डिमांड नोटवर छापलेली असते. त्या नोटेबाहेर, पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. ५ किलोवॅटपर्यंत वायर आणि ट्रान्सफॉर्मर सुधारायचा खर्चही याच नियमांनुसार वीज कंपनीचा आहे, तुमचा नाही.

वीज गेली की सोलरही बंद पडतं, हे विकताना बहुतेक जण सांगत नाहीत. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराला शॉक लागू नये म्हणून ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो. घरचा जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तो तसाच ठेवा. "हायब्रिड घ्या, लाइट जाणारच नाही" असं म्हणून बॅटरी विकली जाते. बॅटरीला सबसिडी नाही आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा तसंच काही अत्यावश्यक असेल तरच घ्या.

अर्ज, कागद, वेळ

नोंदणी पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर, मोफत. राज्य, वीज कंपनी, यूएससी नंबर, मोबाइल. हवेत: चालू वीजबिल, आधार, घराच्या मालकीचा पुरावा किंवा घरपट्टी पावती, रद्द केलेला धनादेश किंवा पासबुक, छताचा फोटो. आधार, वीजबिल आणि बँक खातं या तिन्हींवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. तेलुगू पद्धतीने आडनाव आधी छापलेलं बिल आणि मराठी पद्धतीने शेवटी आडनाव असलेलं आधार, यात इथल्या मराठी घरांचे अर्ज अडकतात. अर्जाआधी जुळवून घ्या.

अर्ज मान्य झाल्यावर पोर्टलच्या यादीतलाच विक्रेता निवडा. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर सबसिडी नाही. किमान तीन कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला एकच कागद द्या: इतके किलोवॅट, डीसीआर पॅनल, इतक्या उंचीचं स्ट्रक्चर, इतक्या मीटर केबल, तीन अर्थिंग, नेट मीटरसह. तरच तुलना होते. तुमचा ओटीपी विक्रेत्याला देऊ नका; बँक खात्याची माहिती स्वतः भरा. सबसिडी थेट तुमच्या खात्यात येते. "सबसिडी आम्ही वजा करून घेतो, तुम्ही उरलेलेच द्या" म्हणणाऱ्याच्या करारात ते कसं लिहिलंय ते वाचा. करार तेलुगूत किंवा इंग्रजीत असेल आणि समजत नसेल तर सही करण्याआधी घरातल्या मुलाला वाचायला लावा.

सगळे पैसे आधी देऊ नका. थोडी आगाऊ रक्कम, सामान गच्चीवर आल्यावर मोठा हप्ता, आणि किमान १० टक्के नेट मीटर चालू झाल्यावर. हाच शेवटचा हप्ता विक्रेत्याला वीज कंपनीच्या कार्यालयात पाठपुरावा करायला लावतो.

बसवायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर नेट मीटर लावून सिस्टीम चालू करायला नियमाने १५ दिवस. नोंदणीपासून चालू होईपर्यंत एक ते दोन महिने धरा. कार्यान्वित झाल्याचा दाखला पोर्टलवर आला की बँक तपशील भरा. सबसिडी साधारण ३० दिवसांत जमा होते.

पहिलं बिल नीट वाचा

इन्व्हर्टरच्या ॲपवर २४० युनिट दिसले आणि बिलावर निर्यात १५० दिसली म्हणून घाबरू नका. मधले ९० युनिट तुमच्या घरानेच दिवसा वापरले, ते मीटरपर्यंत पोचलेच नाहीत. बिलावर आयात, निर्यात आणि निव्वळ हे तीन आकडे हवेत. निर्यात शून्य असेल तर मीटर चुकीचा जोडला आहे किंवा बिल जुन्या पद्धतीने निघालं आहे. लगेच १९१२ला तक्रार करा आणि तक्रार क्रमांक ठेवा. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही. जून आणि डिसेंबरनंतरच्या बिलात शिल्लक युनिटचे पैसे जमा झाले का, तेही तपासा.

पॅनल महिन्यातून दोनदा सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर दुपारी पाणी मारू नका. नोव्हेंबर ते मे फारसा पाऊस नसतो, धूळ आपोआप धुतली जात नाही, आणि १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी नुमाइश प्रदर्शनाच्या गर्दीच्या दिवसांत नामपल्लीच्या गच्च्यांवर लक्ष जास्त द्यावं लागतं. संक्रांतीला पॅनलमध्ये अडकलेला मांजा ओढू नका, कापून काढा; वायर सोलली जाते. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात.

विक्रेत्याने पाच वर्षं मोफत देखभाल द्यायची आहे, ती करारात असते, मागून घ्या. पॅनलची उत्पादन हमी २५ वर्षांची असते. इन्व्हर्टरची हमी बहुधा पाच ते दहा वर्षांची, आणि दहा-बारा वर्षांनी तो एकदा बदलावा लागेल. तो खर्च आजच हिशेबात धरा.

पीएम सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. नावबदल किंवा वारसाचं काम बाकी असेल तर ते याच महिन्यात सुरू करा.